मतदार सेवा पोर्टल: सासरी आलेल्या बाईचं नाव यादीत कसं लागतं

निवडणूक आयोगाचं हे पोर्टल मोफत आहे आणि नीट भरलं तर कामही करतं. पण अमळनेरची लेक शिरपूरला दिली म्हणून तिचं नाव आपोआप सासरच्या यादीत येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत होते ती नमुना ६ भरण्याची. तो पहिल्यांदाच नाव लावणाऱ्यांसाठी असतो. माहेरी नाव असलेल्या बाईने तो भरला की ती दोन याद्यांत दिसू लागते. तिने भरायचा नमुना ८, त्यातला राहण्याचं ठिकाण बदलल्याचा पर्याय. जुन्या ओळखपत्राचा नंबर हाताशी ठेवा: तीन अक्षरं, सात आकडे. वीजबिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी चालतं, फक्त तो त्याच पत्त्यावर मतदार हवा.

आता उणिवा. एका अर्जात एकच पर्याय, त्यामुळे आडनाव बदलायला नमुना ८ दुसऱ्यांदा भरावा लागतो. इंग्रजीत नाव टाकलं की मराठी नाव आपोआप उमटतं, ते हमखास बिघडतं. अक्षर न् अक्षर वाचा. आधारवर ‘कमल’ आणि यादीत ‘कमलबाई’ असं राहू देऊ नका. ओटीपी बहुतेक घरांत नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, म्हणून अर्जाचा संदर्भ क्रमांक बाईने स्वतःकडे लिहून ठेवावा. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा स्थानिक कर्मचारी, पडताळणीला येतो तेव्हा ती केळीच्या बागेत कामाला असते, मग अर्ज अडकतो. घरातल्यांना आधीच सांगून ठेवणं बरं.

२०२४ ची अखाजी, म्हणजे लेकी माहेरी येतात तो अक्षय्य तृतीयेचा सण, १० मे रोजी होती आणि जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी. माहेरी नाव असलेल्या लेकींना तेव्हा मत देता आलं असेल, पण ग्रामपंचायतीला असा योग दरवेळी कुठून येणार? महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, आणि उभं राहायचं तर त्याच गावच्या यादीत नाव असावं लागतं. हुशार, बोलकी सून घरात असते, पण नाव माहेरी राहिल्याने तिला उमेदवारी अर्जच भरता येत नाही. याचं फार वाईट वाटतं.

ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं नाही. पोर्टलवर नाव शोधून यादीतला भाग क्रमांक बघा. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नवं नाव चढत नाही, तेव्हा काम त्याच्या बरंच आधी उरकावं. अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा.