मंकी पॅच की रिफाइनमेंट: क्विंटलच्या घोळानंतर मी काय धरलं

रुबी या प्रोग्रामिंग भाषेत इंटिजर (पूर्णांक), स्ट्रिंग (मजकूर) अशा आयत्या क्लासमध्ये आपली मेथड (फंक्शन) घालायची तर सरळ क्लास उघडायचा, म्हणजे सगळ्या प्रोग्रामभर लागू होणारा मंकी पॅच, का रिफाइनमेंट करायचं, म्हणजे हवं त्या फाइलीपुरताच बदल, हे आमच्या जळगावच्या ऑफिसात नवीन आलेलं प्रत्येक पोरगं विचारतं. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून जे अंगावर आलं तेवढंच सांगतो.

मंकी पॅच लिहायला मजा येते, हे आधी कबूल. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं हिशोबाचं काम होतं, भाव क्विंटलचा आणि काट्यावर किलो. इंटिजर उघडला, तीन ओळी टाकल्या, १२ ला क्विंटल लावलं की १२०० किलो. (मेथडचं नाव देवनागरीत चालतं रुबीला, मी हौसेने तसंच ठेवलेलं.) रेल्स या रुबीच्या वेब फ्रेमवर्कवाले स्वतः त्यांच्या ॲक्टिव्ह सपोर्ट लायब्ररीत हेच करतात, तेव्हा याला पाप वगैरे मी म्हणणार नाही.

पण झालं काय, जोडीदाराने दुसऱ्या फाइलीत त्याच नावाची उलटी मेथड लिहिली, किलोचे क्विंटल करणारी, म्हणजे १०० ने भागणारी. रुबी गप्प, जी फाइल शेवटी लोड होईल तिची मेथड खरी, वॉर्निंग येते पण रुबी चालवताना डॅश डब्ल्यू (-w) हा पर्याय लावला तरच आणि ते लावतं कोण. त्यात फाइली आम्ही डिर ग्लोबने (फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणारी मेथड) उचलायचो, तेव्हा रुबी २.७ होती आणि ३.० च्या आधी ग्लोब नावाच्या क्रमानेच देईल याची काही खात्री नव्हती. माझ्या लॅपटॉपवर माझी मेथड जिंकायची, सर्व्हरवर त्याची! १२ भागिले १००, इंटिजरच तो, उत्तर शून्य. काटापट्टीवर शून्य किलो बघून व्यापाऱ्याचा फोन, "काय भो, माझी केळी माकडानं खाल्ली का?" मे महिना, लाइट गेलेली, घामाघूम होऊन शेवटी सर्व्हरवर मेथडचं सोर्स लोकेशन (ती कुठे लिहिली आहे ते) छापलं तेव्हा जोडीदाराच्या फाइलीचं नाव आणि ओळ नंबर समोर आला.

रिफाइनमेंटमध्ये हा घोळ होत नाही. फाइलीत वर युझिंग लिहायचं, तिथून फाइल संपेपर्यंतच ती मेथड, बाजूच्या फाइलीला पत्ता नाही. त्याचा क्विंटल त्याच्याकडे, माझा माझ्याकडे.

कटकट आहेच. प्रत्येक फाइलीत युझिंग लिहा, २.६ च्या आधी रिस्पॉन्ड टू (ही मेथड आहे का) विचारलं तर मेथड असून नाही म्हणायचं, आणि रेल्सच्या ईआरबी व्ह्यूमध्ये (वेब पानाच्या टेम्प्लेटमध्ये) युझिंग बसतच नाही कारण टेम्प्लेटची शेवटी मेथड बनते आणि मेथडच्या आत युझिंग चालत नाही, म्हणून मी हेल्परच्या (व्ह्यूसाठीच्या मदतनीस मेथडच्या) फाइलीत युझिंग टाकतो आणि व्ह्यूमधून हेल्पर बोलावतो. २०१३ ला २.० मध्ये आलं तेव्हा एक्सपेरिमेंटल होतं, त्यामुळे जुने लोक अजून नाक मुरडतात, पण सेंड (नाव देऊन मेथड बोलावणं) वगैरे २.४ पासून नीट चालतं.

एकट्याची पन्नास ओळींची स्क्रिप्ट असेल तर खुशाल क्लास उघडा, मीही उघडतो. दोघं जण आणि पैशाचा हिशोब असेल तर मला तरी युझिंगची ओळ परवडते, बाकी तुमचं तुम्ही बघा. जोडीदार अजून क्लासच उघडतो म्हणा, फक्त मेथडचं नाव आता किलोचे_क्विंटल ठेवतो.