जुना सागवानी डोंगा घ्यावा की वापरलेली फायबरची नाव?

गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणाच्या पाण्यात मी सोळा वर्षं जाळं टाकतो आहे. त्यातली बारा वर्षं बाबांच्या सागवानी डोंग्यावर, म्हणजे फळ्या जोडून केलेल्या लाकडी नावेवर गेली, तीन वर्षं वापरलेल्या फायबरच्या नावेवर, आणि गेल्या वर्षापासून मी पुन्हा डोंग्यावर आलो. दोन्हींवर माझे पैसे आणि माझा घाम खर्च झाला आहे, म्हणून लिहितो. नवी नाव घ्यायची ऐपत असेल किंवा योजनेतून मिळणार असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. हे लिहिणं आहे ते दुसऱ्याच्या हातून आलेली, दहा-पंधरा पावसाळे पाहिलेली नाव घेणाऱ्यांसाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या होड्यांची जी माहिती मोबाईलवर सापडते ती बहुतेक समुद्रावरच्या मासेमारीची असते. तिथे लाकूड पोखरणारा किडा असतो, बुडाला शिंपले चिकटतात, मिठाने लोखंड खाऊन जातं. तो किडा खाऱ्या पाण्यातला आहे, आपल्या धरणात तो जगत नाही. पण खारं पाणी लाकूड कुजू देत नाही, हा समुद्रवाल्यांचा फायदा आपल्याला नाही. आपल्याकडे डोंगा बाहेरच्या पाण्याने फारसा कुजत नाही, तो आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने कुजतो. श्रावणात आठ दिवस डोंगा न उपसता काठाला बांधून ठेवला तर जेवढं नुकसान होतं, तेवढं वर्षभर जाळं ओढून होत नाही. कोकणातल्या माणसाचा सल्ला इथे तसाच्या तसा लावू नका.

आता डोंग्याची दुखणी सांगतो, कारण ती खरी आहेत आणि ती लपवून मला काही मिळणार नाही.

पहिलं वजन. पाणी प्यायलेला डोंगा चिखलातून ओढायला चार माणसं लागतात. उन्हाळ्यात पाणी रोज थोडं मागे सरकतं. संध्याकाळी काठाला लावलेला डोंगा सकाळी अर्धा चिखलावर बसलेला असतो, आणि पहाटे चार वाजता चार माणसं कुठून आणायची? यावर माझा उपाय एवढाच की डोंगा काठाला लावतच नाही. कमरेएवढ्या पाण्यात बांबू रोवून त्याला बांधतो आणि चालत बाहेर येतो.

दुसरं म्हणजे सांधे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पाण्याच्या वर राहणाऱ्या फळ्या सुकतात, आकसतात आणि त्यांच्यामध्ये फट पडते. दुरुस्तीसाठी डोंगा काठावर काढला असेल तर बूडसुद्धा उघडं पडतं. मग त्यात दगड भरून तो मुद्दाम तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. नवख्या माणसाला हे बघून धस्स होतं, पण हीच रीत आहे.

तिसरी म्हणजे उधई. डोंगा जमिनीवर पालथा घातला आणि खाली दगड लावले नाहीत, तर महिन्याभरात उधई चढते. सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, गाभ्यातच तसं तेल असतं. पण कडेचं पांढरं लाकूड ती खाते, आणि जुन्या डोंग्यात एखादी तरी फळी पांढऱ्या लाकडाची निघतेच.

आणि चौथं, सुताराचं. डोंगा जाणणारा सुतार आता शोधावा लागतो. पलंग-दरवाजे करणारे पुष्कळ आहेत. पण फळी वाफवून किंवा ओली करून वाकवणारा, सांध्यात अंबाडीचे तंतू छिन्नीने ठोकून वर डांबर ओतणारा माणूस आमच्या भागात मला दोनच ठिकाणी भेटला, आणि दोघेही म्हातारे आहेत. डोंगा घेणाऱ्याने ही भीती मनात ठेवूनच घ्यावा. मी माझ्या मुलाला सांधे भरायला शिकवतो आहे.

या चारही गोष्टींत फायबर सरस आहे. दोन माणसं नाव उचलतात. सांधे नाहीत, उधई नाही, चैत्रात डांबर तापवत बसायचं नाही. मी चार वर्षांपूर्वी याच हिशेबाने फायबर घेतली होती. पहिलं वर्ष इतकं सुखाचं गेलं की बाबांचा डोंगा विकून टाकावा असं मनात आलं होतं. बाबांनी विकू दिला नाही.

फायबरला वारा लागतो, हे मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं. जाळं उचलताना मी एकटा असतो. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं जाळं हाताने ओढायचं, मासा सोडवायचा, पुन्हा ओढायचं. हलकी नाव वाऱ्याने फिरते आणि जाळ्यावर चढते. डोंगा पाण्यात खोल बसतो, त्याला आपलं वजन असतं, तो जागचा हलत नाही. पण हे सवयीने जमतं. मी मागच्या बाजूला दगडाचा नांगर सोडायला लागलो आणि भागलं. एवढ्यासाठी मी फायबर सोडली नसती.

सोडली ती ठिगळामुळे.

इटियाडोहचं धरण 1970 साली झालं. गाढवी नदीचं पाणी पसरलं तेव्हा जंगल बुडालं, त्याचे खुंट अजून खाली उभे आहेत. कायम पाण्याखाली असलेलं लाकूड लवकर कुजत नाही, हवा लागली की कुजतं. म्हणून पन्नास वर्षांनंतरही ते खुंट भाल्यासारखे ताठ आहेत, आणि फेब्रुवारीनंतर पाणी उतरलं की त्यांची टोकं पाण्याच्या जेमतेम खाली येतात, वरून दिसत नाहीत. गोसेखुर्द धरणाकडचे आमचे सोयरेही बुडालेल्या झाडांबद्दल हेच सांगतात. तिकडे त्यावर इकॉर्नियाचा, म्हणजे जलपर्णीचा थर असतो, म्हणजे खालचं काहीच दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी माघात माझी फायबर अशाच एका खुंटावर चढली. वितभर चीर पडली, बुडाला, मधोमध. फार मोठं काही नव्हतं. काचतंतूंची मॅट, ती चिकटवायचं रेझिन आणि रेझिन घट्ट करणारं हार्डनर नागपूरहून आणलं, त्यात एक दिवस गेला. चीर घासली, ठिगळ लावलं. चार दिवसांनी ठिगळ कडेने उचललं गेलं. मला वाटलं, घासणं कमी पडलं. पुन्हा घासून लावलं. पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा नाव काठावर पालथी घालून आठ दिवस उन्हात ठेवली आणि रेझिन लावायला घेतलं, तर दुपारच्या उन्हात ते डब्यातच घट्ट झालं. ब्रश त्यात अडकून बसला. मग पहाटे लावलं, थोडं थोडं कालवून. ते टिकलं, महिनाभर.

का टिकत नव्हतं ते मला नंतर एका जाणकाराने नाव ठोकून दाखवलं. फायबरच्या या नावेला दोन थर होते, वरची फरशी आणि खालचं बूड, मध्ये फोम. नाव उलटली तरी बुडू नये म्हणून हा फोम असतो. माझ्या आधीच्या मालकाच्या हातूनच फरशीला कुठेतरी बारीक तडा गेला असणार आणि फोम वर्षानुवर्षं पाणी पीत असणार. बाहेरून मी कितीही वाळवलं तरी आतून ओल येत होती, आणि ओलीवर रेझिन धरत नाही. मागची फळीही तशीच निघाली. बाहेरून फायबर चकचकीत, आतलं प्लायवूड बोटाने कोरता येईल इतकं कुजलेलं.

पैसे गेले ते सोसता येतात. मला लागलं ते दिवसांचं. माघ ते ज्येष्ठ हेच आमचे चार दिवस कमाईचे, पाणी उतरतं आणि मासा हाताशी येतो. त्या एका वितभर चिरेने माझे एकवीस दिवस खाल्ले. रोज सकाळी काठावर जाऊन ठिगळ दाबून बघायचं आणि परत यायचं, हे मी पुन्हा करणार नाही.

डोंग्यालाही खुंट लागतो. बारा वर्षांत तीनदा लागला. तेव्हा पाण्यातच चीर चिंध्यांनी बुजवली, वर चिखल थापला, जाळं उचललं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याची पट्टी डांबरात बुडवून आतून ठोकली, वर पत्र्याचा तुकडा, चार खिळे. संध्याकाळी पुन्हा पाण्यात. ती डागडुजी दिसायला वाईट होती, पण ओल्या लाकडावरही बसली, आणि सामान सगळं गावातच मिळालं. पक्कं काम नंतर चैत्रात निवांत केलं. मी हे कुठे मोजलेलं नाही. दुसऱ्या कोणाला फायबरचं ठिगळ पहिल्याच दिवशी धरलंही असेल, आणि ज्याची नाव एका थराची आहे, आत फोम नाही, त्याला माझा त्रास होणारही नाही. पण एका थराच्या, फोम नसलेल्या फायबरमध्ये पाणी भरलं तर ती तळाला जाते, कारण फायबर पाण्यापेक्षा जड असतं. साग पाण्यावर तरंगतो. पाण्याने भरलेला डोंगा काठापर्यंत बुडतो, पण जात नाही, त्याला धरून राहता येतं. ज्यांच्या घरातलं माणूस धरणात गेलं आहे त्यांना यातला फरक सांगावा लागत नाही.

तरीही काहींनी फायबरच घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ज्या मच्छीमार संस्थेकडे एकच धरण नसून चार-पाच मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले गावतलाव ठेक्याने आहेत, तिने डोंग्याच्या फंदात पडू नये. या जुन्या मालगुजारी तलावांत खुंट नसतात, तळ गाळाचा असतो, आणि आज या तलावावर तर उद्या त्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून नाव न्यावी लागते. तिथे हलकेपणाच कामाचा. माझी फायबर मी अशाच एका संस्थेला दिली, फोमचं आणि मागच्या फळीचं सगळं सांगून, कमी भावात. त्यांनी फरशी काढून टाकली, फोम उपसला, बाजूंना हवाबंद डबे बांधले, आणि ते समाधानी आहेत. ज्यांच्याकडे उचलायला माणसं नाहीत, वय झालं आहे, त्यांनीही फायबरचाच विचार करावा.

मात्र मोठं धरण, खुंटांचा तळ आणि नागपूर लांब, हे तीन एकत्र असतील तर मी जुन्या डोंग्याकडे झुकेन. जुना म्हणजे पडका नव्हे. लाकूड सागाचंच हवं, शक्यतो गडचिरोलीतल्या आलापल्लीकडचं, आणि गाभ्याचं.

बघायला जाताना खिशात टोच्या आणि एक रुपया न्या. डोंग्याला टोच्या दोन्ही टोकांना लावा, जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे, आणि खिळ्यांच्या भोवती. खिळ्याभोवती लाकूड काळं दिसतं, त्याला घाबरू नका, सागात लोखंड तसा डाग पाडतंच. टोच्या सहज आत गेला तर मात्र फळी गेली. फायबरला रुपयाने ठोकत जा, बुडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टण आवाज येतो तिथे ठीक, भद्द आला की आत पाणी आहे किंवा थर सुटला आहे. मागच्या फळीवर जास्त वेळ घालवा.

आणि मालकाला सांगा, नाव पाण्यात रात्रभर ठेव, मी सकाळी येतो. फायबरमध्ये सकाळी तळाला ओल दिसली तरी भाव पाडा किंवा परत या. डोंगा काठावर सुकत पडलेला असेल तर पहिल्या रात्रीचं पाणी धरू नका, तो फुगायचा असतो. तिसऱ्या सकाळी जा. तेव्हा आत एक डबाभर पाणी असेल तर डोंगा घेण्यासारखा आहे, माझ्यातही रोज तेवढं येतं.