सिंगापूरचा ‘फूड सेफ्टी कोर्स लेव्हल १’: दिवस एकच, पण टाळता येत नाही

टेक्का सेंटरमधला डोशाचा गाळा असो की मोठ्या हॉटेलचं किचन, सिंगापुरात परवानाधारक ठिकाणी अन्न हाताळायचं तर आधी हा कोर्स पास व्हावा लागतो. शिकवणी आणि परीक्षा एकाच दिवशी उरकतात. इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ अशा भाषांत बॅच मिळते. मराठी आचाऱ्याला इंग्रजीचीच धरावी लागते.

कोर्सचा जोर हात आणि कटिंग बोर्डावर आहे, तो योग्यच. साबण लावून २० सेकंद, नखं आणि अंगठ्याच्या बेचक्यासकट हात धुणे. कच्च्याचा बोर्ड-सुरी वेगळी, शिजवलेल्याची वेगळी. २००९ साली गेलांग सेराईच्या तात्पुरत्या बाजारात इंडियन रोजक (तळलेल्या तुकड्यांची चटणीसोबतची डिश) खाऊन दीडशेवर लोक आजारी पडले, दोघे दगावले. कच्च्या समुद्री मालातला व्हिब्रिओ जंतू तयार पदार्थात उतरला होता. हे कळलं की दोन बोर्डांचा खर्च जड वाटत नाही.

तापमानाचे आकडे तोंडपाठच करावेत: गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, फ्रिज ४ अंश किंवा खाली, फ्रीझर उणे १८. आपल्या स्वयंपाकाचा खरा घोळ मात्र मोठ्या पातेल्यात होतो आणि एका दिवसाच्या वर्गात तो कितीसा उलगडणार? वीस लिटर डाळ पातेल्यातच फ्रिजमध्ये ढकलली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ ट्रेमध्ये पाचेक सेंटिमीटर थर पसरून निववली तरच ती वेळेत थंड होते. भाताचंही तेच, त्यातल्या बॅसिलस सिरियस जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात.

प्रमाणपत्र फाइलला लावून विसरू नये. पाचव्या वर्षी उजळणीचा वर्ग, पुढे दर दहा वर्षांनी. १२ महिन्यांत १२ दंडगुण (नियम मोडल्याबद्दल लागणारे गुण) झाले तर परवाना २ किंवा ४ आठवडे निलंबित होऊ शकतो, आणि मग तिथल्या सगळ्या कामगारांना हाच कोर्स पुन्हा पास व्हावा लागतो. गल्ला बंद तो बंदच, वर शिकवणीची फी!

घरून दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांना एसएफएचा (सिंगापूर फूड एजन्सी, तिथली अन्नसुरक्षा संस्था) परवाना लागत नाही, तरी हा दिवस त्यांनीही काढावा. चकली-चिवड्यासाठी नाही, ओल्या नारळाच्या करंज्यांसाठी.