जीडीएस-१५: वृद्धांमधलं नैराश्य हेरणारा एक पानी कागद

जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, म्हणजे जीडीएस, ही मुळात ३० प्रश्नांची प्रश्नावली. १९८६ साली तिची १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली आणि फॅमिली डॉक्टरच्या ओपीडीत चालते ती हीच. वेळ ५ ते ७ मिनिटं, वापर मोफत, उत्तरं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस’ असल्या मोजपट्टीपुढे थकलेला म्हातारा माणूस अडखळतो. इथे तो प्रश्नच येत नाही.

हिची खरी ताकद जे विचारलेलं नाही त्यात आहे. भूक, झोप, वजन यांवर एकही प्रश्न नाही. संधिवात, मधुमेह, हृदयविकार असलेल्याची झोप मोडायला कारणं भरपूर असतात. ती मोजली की शरीराच्या आजाराचे गुण नैराश्याच्या खात्यात जातात. तरीही शरीर मागच्या दाराने शिरतंच. बाहेर पडण्यापेक्षा घरी बसावंसं वाटतं का (प्रश्न ९), याला गुडघे धरलेला माणूस ‘हो’ म्हणणार. अंगात उत्साह आहे का (प्रश्न १३), याला रक्त कमी असलेला ‘नाही’ म्हणणार. एकूण ५-६ गुण, म्हणजे संशयाच्या सीमेवरचे, आले असतील तर हे दोन प्रश्न पुन्हा बघावेत.

घोळ होतो तो बेरजेत. १, ५, ७, ११ आणि १३ या प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं तर गुण. उरलेल्या दहांना ‘हो’ म्हटलं तर. कुणी नुसते ‘हो’ मोजले, तर ठणठणीत आनंदी माणसालाही ५ गुण पडतात, आणि नेमकं ५ पासूनच संशय घ्यायचा असतो! १० च्या पुढे बहुधा नैराश्यच. कागदावर ते पाच प्रश्न आधीच रंगवून ठेवा.

प्रश्न मोठ्याने वाचावेत, ‘गेल्या आठवड्यात’ हे मधूनमधून आठवण करून द्यावं आणि मुला-सुनेला तेवढा वेळ बाहेर बसवावं. नातेवाईक समोर असले की उत्तरं गोड होतात. मध्यम किंवा त्यापुढच्या स्मृतिभ्रंशात मात्र ही प्रश्नावली भरवशाची नाही. तिथे काळजीवाहकालाही विचारून भरायची, १९ मुद्द्यांची कॉर्नेल स्केल घ्या.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे आत्महत्येबद्दल एकही प्रश्न नाही. सोळावा प्रश्न आपणच जोडायचा: ‘मेलेलं बरं असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं येतं का मनात? कसं, ते ठरवलंय का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. बेत ठरलेला असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे, तोवर एकटं सोडायचं नाही, आणि घरातला गोळ्यांचा साठा कुणाच्या तरी ताब्यात.

गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम बघा. चालू औषधांची यादी वाचा. औषध द्यायचं ठरलं तर सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅमने सुरू करून सहसा आठवड्याने ५० करतात. बीपीसाठी थायाझाइड चालू असेल तर सर्ट्रालीनने सोडियम घसरण्याची भीती जास्त, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक सोबत असेल तर पोटातल्या रक्तस्रावाकडे लक्ष. झोपेच्या नावाखाली अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे जुनं नैराश्यविरोधी औषध नको: लघवी अडते, गोंधळ वाढतो, उभं राहताच चक्कर येते. फरक दिसायला ४ ते ६ आठवडे, कधी जास्तही लागतात. ‘फरक नाही’ म्हणून दुसऱ्याच आठवड्यात गोळी बंद होते, ती याच माहितीअभावी. बरं वाटल्यावरही निदान ६ ते १२ महिने गोळी चालू ठेवायची.

पाठपुराव्याला जीडीएस तोकडी पडते, कारण हो-नाहीत अर्धवट सुधारणा दिसत नाही. ज्यांना जमेल त्यांची पहिल्याच दिवशी पीएचक्यू-९ ही (‘काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस’ अशा उत्तरांची, नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली) भरून ठेवा: गुण निम्म्यावर आले तर औषध लागू पडतंय, ५ च्या खाली गेले तर नैराश्य ओसरलं. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलच आहे.