नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट २२ : इन्स्टॉलेशनचा अभिप्राय

जुन्या लॅपटॉपमधील फिरती हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान ड्राइव्ह) बसवली की यंत्र आणखी काही वर्षे सुखाने चालते. प्रश्न उरतो तो त्या कोऱ्या ड्राइव्हवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालावी हा. विंडोज १० ला मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागत असल्याने, चांगल्या स्थितीतील कितीतरी यंत्रे अधिकृत यादीबाहेर राहिली आहेत. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२ मालिकेची सिनॅमन (पूर्ण डेस्कटॉपची) आवृत्ती मला सर्वांत योग्य वाटते. ती उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. हा अभिप्राय मात्र तिच्या इन्स्टॉलेशनपुरता आहे, कारण नवखा वापरकर्ता बिचकतो तो तिथेच.

तयारी सोपी आहे. तीन जीबीच्या आसपासची आयएसओ फाइल (सिस्टिमची संपूर्ण प्रत) उतरवून घ्यावी, संकेतस्थळावर दिलेल्या एसएचए२५६ बेरजेशी (फाइल अखंड असल्याची खूण) ती ताडून पाहावी आणि एचर किंवा रूफस हे प्रोग्राम वापरून पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे सर्व काही यात पुसले जाते. बेरीज ताडण्याची पायरी अनेकजण गाळतात. पण अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन मध्येच अडकले तर दोष नव्या ड्राइव्हवर येतो आणि ती उगाच दुकानात परत नेली जाते, म्हणून ते एक मिनिट खर्च करावेच.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झाले की काहीही इन्स्टॉल न करता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. या सोयीचे मोल फार मोठे आहे. वायफाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड आणि पडद्याची उजळता नीट चालते का, हे सगळे ड्राइव्हला हात न लावता पाहता येते, आणि इंटरनेट जोडलेले नसले किंवा कोणतेही ऑनलाइन खाते उघडलेले नसले तरी पुढचे काम अडत नाही. मर्यादित डेटा असलेल्या घरी किंवा गावातल्या शाळेत ही बाब निर्णायक ठरते.

इन्स्टॉलर भाषा, कीबोर्ड आणि मल्टिमीडिया कोडेक (गाणी व व्हिडिओ चालवणारे घटक) एवढे विचारून ‘इन्स्टॉलेशन टाइप’ या पानावर येतो, आणि खरा विचार इथेच करावा लागतो. लॅपटॉपमध्ये एकच नवी ड्राइव्ह असेल तर ‘इरेझ डिस्क’ हा पहिला पर्याय निःशंकपणे घ्यावा. ईएफआय पार्टिशन (यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचा ड्राइव्हवरचा भाग), ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीची मुख्य पार्टिशन आणि स्वॅपफाइल (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) तो स्वतःच तयार करतो. जुनी ड्राइव्हही जोडलेली असेल तेव्हा मात्र परिस्थिती बदलते. बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कोणत्या ड्राइव्हवर ठेवायचा हे ‘समथिंग एल्स’ पर्यायात निवडता येते, परंतु युईएफआय (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) असलेल्या यंत्रांवर हा इन्स्टॉलर त्या निवडीकडे दुर्लक्ष करून पहिल्या ड्राइव्हवरच्या ईएफआय पार्टिशनमध्येच बूटलोडर लिहितो, हा त्याचा वर्षानुवर्षे नोंदलेला दोष आहे. परिणामी सिस्टिम नव्या एसएसडीवर असते, तिची सुरुवात जुन्या ड्राइव्हवर अवलंबून राहते, आणि पुढे जुनी ड्राइव्ह काढली की यंत्र सुरूच होत नाही. काम पूर्ण होईपर्यंत जुन्या ड्राइव्हची जोडणी काढून ठेवणे हा यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यामुळे चुकीची ड्राइव्ह पुसली जाण्याची भीतीही राहत नाही. इतक्या काळजीने घडवलेल्या सिस्टिमने ही सूचना त्याच पानावर ठळकपणे द्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी एनव्हीएमई ड्राइव्ह (एसएसडीचा अधिक वेगवान प्रकार) यादीत दिसलीच नाही तर ती बिघडली असे समजू नये. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा रेड मोडवर असल्यास ते एएचसीआयवर आणावे लागते; मात्र त्याच यंत्रावर विंडोज ठेवायचे असेल तर या बदलाने ते सुरू होण्यास अडथळा येऊ शकतो, हे आधी लक्षात घ्यावे.

मराठी वाचकांसाठी एक सूचना. इन्स्टॉलेशनच्या वेळी कीबोर्ड इंग्रजीच ठेवावा, कारण पासवर्ड पडद्यावर दिसत नाही आणि देवनागरी कळांनी टाकलेला पासवर्ड पुढे लॉगिनच्या वेळी घोटाळा करतो. मराठी मांडणी नंतर कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडता येते. वेळक्षेत्र म्हणून कोलकाता निवडावे. यंत्र दुसऱ्या कोणासाठी तयार करायचे असेल तर पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या मेनूमधील ‘ओईएम इन्स्टॉल’ वापरावे, म्हणजे नाव आणि पासवर्ड ज्याचा तोच पहिल्या वेळी भरतो.

फाइली कॉपी होण्याचा भाग एसएसडीवर लवकर आटोपतो. एसएसडीसाठी लागणारे ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी असल्याचे ड्राइव्हला कळवणे) आठवड्यातून एकदा आपोआप चालते, त्यासाठी काही करावे लागत नाही. चार जीबी रॅम असलेल्या यंत्रावर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ती दिसायला साधी, पण हलकी आहे.

पहिल्यांदा लॉगिन केल्यावर ‘वेलकम’ खिडकीतून टाइमशिफ्ट लगेच सुरू करावे, म्हणजे एखादे अपडेट बिघडले तरी सिस्टिम मागच्या स्थितीत नेता येते. टाइमशिफ्ट मूळ मांडणीत फक्त सिस्टिमच्या फाइली जपते, आपल्या होम फोल्डरमधील फोटो आणि कागदपत्रे नाही. त्यांच्यासाठी मिंटमध्येच बॅकअप टूल दिलेले आहे, आणि लॅपटॉपमधून काढलेली जुनी हार्डडिस्क चांगल्या स्थितीत असेल तर यूएसबी केसमध्ये घालून त्या बॅकअपसाठी वापरता येते.