रमीचे ॲप, चौदा महिने: पेढीवरच्या एका दिवाणजीचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी बावीस वर्षे दिवाणजी आहे. दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशाचे काय केले, हे लिहिणे सुखाचे नाही. तरीही जून 2024 ते ऑगस्ट 2025 असे चौदा महिने मी पैशाची रमी खेळविणारे एक ॲप नेमाने वापरले आणि हाताच्या सवयीने त्याची नोंद वहीत ठेवली, तेव्हा अभिप्राय लिहिण्याइतकी माहिती माझ्यापाशी आहे. ॲपचे नाव देत नाही. त्या काळात आणखी दोन ॲपे उघडून पाहिली होती; रंग आणि जाहिरातीतला चेहरा सोडला तर तिन्ही आतून सारखीच निघाली.

हळदीचा हंगाम उतरला की पेढीवर दुपारी काम नसते, तिथून सुरुवात झाली. वस्तू म्हणून पाहिले तर ॲप उत्तम होते, हे आधी कबूल करतो. पाने स्वच्छ दिसत, रेंज गेली तरी डाव मोडत नसे, आणि तेरा पानांच्या रमीचे सगळे नियम आपण गणपतीच्या जागरणात खेळतो तसेच होते: शुद्ध सिक्वेन्स हवीच, पहिल्या हाताला पाने टाकली तर 20 गुण, मधेच टाकली तर 40, आणि पुरते सापडलात तर 80. पैसे भरायला यूपीआयने दहा सेकंद लागत. पैसे काढायला मात्र पहिल्यांदा पॅन, मग बँकेचा तपशील, मग पडताळणी असे चार दिवस गेले. पुढे ते एका दिवसावर आले, पण त्या एका दिवसात ‘काढणे रद्द करा’ हे बटण सतत डोळ्यांपुढे राही. मी ते सतरा वेळा दाबले. वहीत आहे.

आता आकडे. चौदा महिन्यांत मी 1,48,300 रुपये भरले आणि 61,750 रुपये परत घेतले, म्हणजे 86,550 रुपये गेले. यातला एक भाग कुणाच्याच लक्षात येत नसे. ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, त्यामुळे शंभर रुपये भरले की 21 रुपये 88 पैसे कर होऊन जात आणि खेळायला 78 रुपये 12 पैसे उरत. कराने पडलेली ही खाच कंपनी ‘बोनस’ देऊन बुजवी, म्हणून ती दिसत नसे. माझ्या भरण्यावरचा हा कर 32,440 रुपये होतो. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के टीडीएसही होता, पण तो भरण्याचा मान मला मिळाला नाही.

बाकीचे पैसे माझ्यापेक्षा चांगले खेळणाऱ्यांनी नेले असे मी बरेच दिवस समजत होतो. जुगाराच्या अड्ड्यावर जागेचा मालक प्रत्येक डावातून जो हिस्सा काढतो त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. ॲपचीही नाल होती आणि माझ्या टेबलावर ती जिंकलेल्या रकमेच्या 12 टक्के होती. रुपयाला एक गुण या भावाने दोघेजण खेळत असतील आणि हरणारा सरासरी 35 गुणांनी हरत असेल, तर डावाला 4 रुपये 20 पैसे नाल पडते. रक्कम क्षुल्लक वाटते. पण घरी सहाजण बसले, पाने पिसली, वाटली, मधे चहा आला, तर तासाला चार डाव होतात. ॲपवर दोघांचे पंचवीस सहज होतात. म्हणजे तासाला 105 रुपये. अगदी तोडीस तोड असे दोन खेळाडू प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले आणि उठलेच नाहीत, तर एकोणीस तासांत दोघांचेही हात रिकामे होतात आणि जिंकलेले कोणीच नसते. पेढीवर शेतकऱ्याला जी पट्टी देतो तीत हमाली वेगळी, तोलाई वेगळी दाखवावी लागते. या ॲपने प्रत्येक डावाची पट्टी दिली, पण महिन्याची एकूण नाल एका ठिकाणी कधीही दाखवली नाही.

‘रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे’ हे वाक्य ॲप उघडताच दिसे. ते खोटे नाही. 1968 साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात न्यायालयाने तसे म्हटले, आणि आपल्या राज्यात लागू असलेल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. मात्र त्याच निकालात पुढे असेही आहे की, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. हे दुसरे वाक्य ॲपवर नव्हते. कौशल्य की नशीब या वादात पन्नास-साठ वर्षे गेली. माझ्या वहीपुरते बोलायचे तर प्रश्न नालेचा आणि वेगाचा होता, आणि रमीत कौशल्य कितीही असले तरी त्याने तो सुटत नव्हता.

बंदीऐवजी नियम करावेत, मर्यादा घालाव्यात, असे मलाही आरंभी वाटे. मर्यादा ॲपमध्ये होती. मी महिन्याला 5,000 ची घातली. तिसऱ्या महिन्यात कंपनीतून एका मुलीचा अत्यंत अदबीचा फोन आला, ‘सर, आपण आमचे खास ग्राहक आहात,’ आणि मर्यादा वीस हजारांवर गेली. सवय लागू शकते हा इशारा प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी मंगलाष्टके उरकल्यासारखा म्हटला जाई. जो धंदा माझ्या बसून राहण्यावर चालतो, त्याने मला वेळेवर उठवावे ही अपेक्षाच चुकीची होती.

म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, तो मला योग्य वाटतो. त्याने कौशल्य-नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावण्याचे सर्वच ऑनलाइन खेळ बंदीत आणले. खेळविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, आणि खेळणाऱ्याला काहीच नाही. दोन वर्षे ज्या खेळावर कर घेतला तोच बंद करायचा, आणि राज्याची स्वतःची लॉटरी 1969 पासून चालूच ठेवायची, ही विसंगती आहेच. महिनाभर आधी विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्यावरून गदारोळ झाला, त्यांनी आरोप नाकारला, पुढे त्यांचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले, यावर यार्डात जे बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये आपल्याकडे घेतल्या.

बंदीने मटका कुठे थांबला, असे पेढीवर मला विचारले गेले. थांबला नाही. पण ओपन-क्लोजची चिठ्ठी लावायला टपरीपर्यंत चालत जावे लागते, ओळखीचे कुणी बघते, टपरी रात्री बंद होते. माझ्या उशाशी असलेली टपरी रात्री अडीचलाही उघडी होती. बंदीने तेवढे अंतर पुन्हा मधे आणले.

तिची मोठी उणीवही मी जवळून पाहिली. दिवाळीच्या सुमारास आमच्या टेम्पोचालकाला टेलिग्रामवर एका नव्या ॲपची लिंक आली. पडताळणी नाही, पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर भरायचे. पहिले 500 रुपये तत्काळ काढता आले. मग 18,000 अडकले आणि ते सोडवायला ‘आधी कर भरा’ असा निरोप आला. जुन्या ॲपला निदान पत्ता होता. आपल्यालाच पोलीस धरतील या भीतीने तो आठवडाभर गप्प बसला. कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही हे समजावून मी त्याला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली, पण तोवर पैसे गेलेले ते खाते रिकामे झाले होते. असे प्रकार घडले की पहिल्या तासात फोन करावा.

माझ्या ॲपने मात्र शिल्लक राहिलेले 1,140 रुपये दोन दिवसांत विनातक्रार परत केले. वरच्या 61,750 मध्ये ते धरले आहेत. ॲप अजून चालू आहे. पाने तीच, टेबले तीच, समोरचे खेळाडूही बहुधा त्याच तयारीचे, फक्त पैशाऐवजी फुकट चिप्स. गेल्या रविवारी उघडले. दोन डाव खेळलो आणि तिसरा, तेरापैकी नऊ पाने लागलेली असताना, अर्ध्यात सोडून उठलो.