फ्लायव्हीलचं फेसिंग: दीड पावसाळ्यानंतरचा अनुभव

क्लच सेट बदलताना फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या ज्या जड लोखंडी चकतीवर क्लच प्लेट घासते तिचं, काय करायचं, यावर गॅरेजमध्ये दोन पक्ष असतात. एक म्हणतो, पॉलिश पेपर मारून बसवा, असंच चालत आलंय. दुसरा सरळ नव्या फ्लायव्हीलचा भाव सांगतो. मी दोन्ही सोडून ग्राइंडिंगवर, म्हणजे फिरत्या दगडाने, फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घेतलं. गेल्या वर्षी पाऊस लागायच्या आधी काम झालं, आता दुसरा पावसाळा अर्ध्यावर आहे. एवढ्या वापरानंतर मत द्यायला हरकत नाही: साध्या, एकसंध फ्लायव्हीलची पेट्रोल गाडी असेल, तर हा खर्च वसूल होतो. पण ग्राइंडिंगच हवं, लेथवरचा कट नव्हे.

गाडी २०१३ची पेट्रोल स्विफ्ट, रीडिंग लाखाच्या पुढे. रोजचा रस्ता डिचोलीहून मये, चोडण, तिथून फेरीने रायबंदर आणि पणजी. अधूनमधून केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगाव, कारण सासुरवाडी तिकडे. म्हणजे क्लचला छळायची सगळी ठिकाणं वाटेतच. फेरीच्या रांगेत हाफ क्लचवर सरकत राहायचं आणि ओहोटीच्या वेळी बोटीतून धक्क्यावर चढताना ओल्या उतारावर गाडी उचलायची. तक्रारही नेमकी तिथेच सुरू झाली. पहिल्या गिअरमध्ये पेडल सोडताना अख्खी गाडी थरथरायची, रिव्हर्सला तर डॅशबोर्डसुद्धा वाजायचा. पुढे घाटात चौथ्या गिअरला आरपीएम चढायचा आणि वेग मात्र तिथेच, म्हणजे प्लेटही संपलेली.

गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेटचं अस्तर रिव्हेटांपर्यंत आलेलं दिसलं. ते अपेक्षित होतं. खरा प्रकार फ्लायव्हीलवर होता: चकचकीत पृष्ठभागावर गोलाकार निळे-काळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा. मिस्त्री म्हणाला, ‘‘बाब, पेपर मारतो, नवीन प्लेट बसली की थरथर जाईल.’’ माणूस प्रामाणिक आहे, बाकी कामात त्याचा हात धरणारा नाही, पण हे मला पटलं नाही. पेपरने वरची चकाकी जाते; उंचसखलपणा तसाच राहतो. उलट हाताने घासताना एखादी बाजू जास्तच खाल्ली जाते.

हे निळे डाग म्हणजे नुसता रंग नव्हे. क्लच घसरला की तेवढी जागा प्रचंड तापते आणि आजूबाजूचं थंड लोखंड तिची उष्णता झटकन ओढून घेतं. तापवून पाण्यात बुडवलेल्या पोलादासारखी ती जागा कडक होते. ओतीव लोखंडाची रचनाच तिथे बदलते. म्हणून लेथ उपयोगाचा नाही. लेथचं टूल मऊ भाग कापतं आणि कडक ठिपक्यावर आलं की किंचित उचललं जातं. डोळ्यांना पृष्ठभाग नवा कोरा दिसतो, पण ते ठिपके टेंगळं होऊन उभे असतात. नवीन प्लेट त्यांच्यावर आपटत फिरते आणि थरथर परत येते. ग्राइंडिंगचा दगड कडक-मऊ असा भेद करत नाही, दोन्ही सारखं घासतो.

आमच्याकडच्या लेथवाल्याकडे ग्राइंडर नव्हता. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप भरपूर, तेव्हा फ्लायव्हील पोत्यात गुंडाळून कदंबा बसमध्ये पायाशी ठेवलं आणि नेलं. कंडक्टरने पोत्याकडे दोनदा पाहिलं, तिकीट मात्र माझं एकट्याचंच फाडलं. तिथल्या कारागिराने आधी चिरा तपासल्या. वरवरच्या असतील तर घासून जातात. बोल्टच्या भोकांकडे धावणारी किंवा खोल गेलेली एक जरी दिसली असती, तर त्याने हात लावला नसता. मग डोवेल पिना (प्रेशर प्लेट नेमकी बसवणाऱ्या खुंट्या) काढल्या, उंचसखलपणा मोजायला डायल गेज लावला आणि डाग पुसट होईपर्यंत थोडं थोडं घेत गेला. पाव मिलिमीटरच्या आसपास गेलं असेल. मध्येच विचारतो, ‘‘काय ओ साहेब, मागून वजन पण कमी करूया काय? पोरं करून घेतात.’’ त्या पोरांची गाडी चढावर ट्रॅफिकमध्ये किती वेळा बंद पडते, हेही कोणी विचारायला हवं. फ्लायव्हीलचं वजन इंजिनाचे झटके गिळायला असतं. रोजच्या गाडीत ते काढून मिळत काहीच नाही.

एक गोष्ट तुमच्या गाडीच्या बाबतीत विचारून घ्या. काही फ्लायव्हीलमध्ये प्लेट जिथे घासते तो भाग आणि प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट बसतात ती कडा यांत पायरी असते. अशा वेळी हे दोन्ही भाग सारखेच घासावे लागतात. फक्त मधला भाग घेतला तर प्रेशर प्लेटची पकड सैल पडते आणि नवा सेटही घसरू लागतो.

बसवताना रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) क्लच सेटमधलं नवीनच आलं. एवढं उघडलंच आहे तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हीलचे बोल्टही नवीन घातले. सील स्वस्तातलं असतं, पण तेल झिरपून नव्या प्लेटवर आलं की पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची पाळी. ग्राइंडिंगची भुकटी ब्रेक क्लीनरने धुतली, आणि त्यानंतर ग्रीसचा हात त्या पृष्ठभागाला लागू दिला नाही. यासाठी मी गॅरेजमध्ये उभा राहिलो, मिस्त्री थोडा वैतागला.

पैशांचं म्हणाल तर फेसिंगचे ८०० रुपये गेले, शिवाय बसभाडं. क्लच सेट आणि गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी यांच्यापुढे ही रक्कम चिल्लर आहे. नवीन फ्लायव्हील मला याच्या कितीतरी पट सांगितलं होतं.

आता वापराबद्दल. पहिले काही दिवस चढावर किंचित वास यायचा, तो नव्या अस्तराचा. साधारण ५०० किलोमीटर घाट टाळला आणि गाडी हळुवार उचलली. केबलचं ॲडजस्टमेंट एकदा करावं लागलं, पेडल आधीपेक्षा बरंच खाली पकडू लागलं. थरथर पहिल्या दिवसापासून गेली होती, पण ती पहिल्या दिवशी सगळ्यांचीच जाते. खरी परीक्षा प्लेट रुळल्यावर, डाग परत डोकं वर काढतात का, यात असते. चोडणच्या धक्क्यावर, मागे मोटारसायकली चिकटलेल्या असताना, गाडी आजही लोण्यासारखी उचलते. भरल्या गाडीने चोर्ला चढतानाही आरपीएम आणि वेग एकमेकांना सोडत नाहीत.

कुरबूर एकच आहे, आणि ती इथल्या हवेची. रात्रभर पाऊस पडला की सकाळी पहिल्या एक-दोन उचलींना हलकी थरथर येते, मग नाहीशी होते. उघड्या लोखंडावर गंजाचा पातळ थर धरतो, तो घासून गेला की झालं. गेल्या गणेश चवथीला गाडी सत्तरीत गावच्या घरी बरेच दिवस एका जागी उभी होती. सुरू केल्यावर क्लच चिकटलेला, गिअर टाकताना ‘कट्’ आवाज, नंतर ठीक. फ्लायव्हील नवीन घातलं असतं तरी हे झालंच असतं, म्हणून याचा दोष फेसिंगला देत नाही.

हे वाचून डिझेलवाल्यांनी मात्र लगेच फ्लायव्हील उचलून ग्राइंडरकडे धावू नये. बऱ्याच आधुनिक डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं: दोन चकत्या, मध्ये स्प्रिंगा आणि ग्रीस. मेव्हण्याच्या गाडीत तेच होतं. इंजिन बंद करताना खडखड यायची, आणि उतरवल्यावर वरची चकती हाताने डुलत होती. त्याला कोणीतरी फेसिंग सुचवलं होतं. अशा फ्लायव्हीलला ते करत नाहीत, कारण आजार पृष्ठभागावर नसून आतल्या स्प्रिंगांत असतो, आणि घासताना निर्माण होणारी उष्णता नि भुकटी आतल्या ग्रीसची वाट लावते. त्याला नवीन घालावं लागलं, आणि बिल पाहून तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

माझ्या गाडीला पुढचा क्लच लागेल तेव्हा पुन्हा फेसिंग होईलच असं नाही. निळे डाग वरून पुसट झाले, पण कडकपणा खाली थोडा उरलेला असू शकतो, आणि घासायलाही मर्यादा असते. बेळगावच्या कारागिराने उरलेली जाडी बिलाच्या मागे लिहून दिली आहे. पुढच्या वेळी त्या आकड्यावरून ठरेल, घासायचं की नवीन घ्यायचं.